माणूस कुठे बसतो?

“बसा” म्हटलं की माणसं बसतात. कस्तुरेबाई बसत नसत. आधी खुर्चीकडे बघत, मग खुर्चीमागच्या भिंतीकडे, मग वाकून वायर कुठून कुठे गेली आहे ते, आणि मग विचारत, “इथे रोज कोण बसतं?” तोवर चहा गार. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या ह्यांना वाटलं, बाईंना खुर्ची मळकी वाटली. बिचारे धावत जाऊन धुतलेली चादर घेऊन आले. बाईंनी ती चादर मांडीवर घेतली, थँक्यू म्हणाल्या आणि पुन्हा फ्रिजच्या मागे डोकावायला गेल्या.

निर्मला कस्तुरे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळच्या सांगलीच्या, लग्न केलं नाही, आणि सगळी नोकरी लखनौत काढली. मानक नगरला रेल्वेची संशोधन संस्था आहे, तिथे त्या अधिकारी होत्या. विजेवर चालणाऱ्या इंजिनांत एवढा करंट वाहतो, त्याच्या भोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते मोजायचं, आणि आत बसणाऱ्या माणसापर्यंत त्यातलं किती पोचतं ते बघायचं, हे त्यांचं काम. मी अकोल्याची, बँकेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांची-माझी ओळख झाली ती मात्र ह्याच भानगडीतून.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बँकेत नुकते कॉम्प्युटर आले होते, ते मोठ्या ढेरीचे मॉनिटर असलेले. माझ्या मॉनिटरवरचे आकडे थंडी भरल्यासारखे थरथरायचे. कंपनीचा माणूस येऊन मॉनिटर बदलून गेला, तरी तेच. शेवटी मॅनेजर म्हणाले, मैडम, एक बार आँखें दिखा लीजिए. म्हणजे बाप्पा, आता मीच बिघडलेली! एक दिवस ड्राफ्ट काढायला एक उंच, शिडशिडीत बाई काउंटरवर आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात चक्क कॅनव्हासचे बूट. माझ्या नावाची पाटी वाचून सरळ मराठीत म्हणाल्या, “ह्या भिंतीपलीकडे काय आहे?” मी म्हटलं, इमारतीचा मेन पॅनल आहे. तर म्हणाल्या, “मग टेबल त्या खांबापाशी न्या.”

मॅनेजरनी टेबलाची जागा ठरलेली आहे वगैरे सुरू केलं. बाईंनी पर्स माझ्याकडे दिली आणि टेबलाला खांदा लावला. टेबल सरकलं आणि आकडे गप्प उभे राहिले. सगळी शाखा गोळा झाली बघायला. पॅनलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राला भिंत अडवत नाही, अंतर अडवतं, एवढंच म्हणाल्या. ड्राफ्ट घेतला आणि गेल्या. मला तेव्हाच वाटून गेलं की ही बाई आपली आहे, आणि उगाचच ताठ मानेनं मी उरलेला दिवस काढला.

पुढे त्या आमच्या घरच्याच झाल्या. रविवारी मानक नगरहून महानगरला, म्हणजे आमच्या वस्तीत, यायच्या. त्यांच्या मीटरला लांब दांडीवर एक पांढरा गोळा असायचा, लहान मोसंबीएवढा. तो गोळा म्हणजे त्यांचा जीव. त्याला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः विणलेली लोकरीची टोपी घातली होती, कान झाकणारी, वर गोंडा असलेली. टेम्पोत, म्हणजे तिकडच्या शेअर रिक्षात, शेजारच्या बायका विचारायच्या, कितने महीने का है? बाईंना त्याचं हसू येत नसे. गंभीरपणे टोपी काढून दाखवायच्या.

आणखी एक खोड म्हणजे ‘शून्य’, ‘काहीच नाही’, ‘बिल्कुल’ हे शब्द त्यांना चालत नसत. भाजीवाला म्हणाला, दीदी, बिल्कुल ताज़ी है, की ह्या विचारणार, तोड़ी कब? मी विचारलं, आमटीत मीठ कमी आहे का, तर म्हणायच्या, जाणवण्याजोगं नाही. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, और कोई तकलीफ़ नहीं? ह्या म्हणाल्या, बताने लायक नहीं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? मी म्हटलं, लिखिए आप, नहीं है.

त्यांच्या हाताखालचे मिश्राजी आमच्या बँकेत यायचे. त्यांच्याकडून ऐकलेली ही गोष्ट. एका नव्या इंजिनाच्या केबिनचं मोजमाप चाललं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर, छातीच्या उंचीला, डोक्याच्या उंचीला, सगळीकडे गोळा धरून झाला होता. सगळं ठीक होतं, साहेबांना सही हवी होती. बाईंनी तिवारी नावाच्या जुन्या ड्रायव्हरला विचारलं, आप बैठते कहाँ हैं? तो म्हणाला, सीट पर, और कहाँ? बाईंचं समाधान झालं नाही. पुढच्या गाडीला त्याच्याबरोबर केबिनमध्ये चढल्या. बघतात तर तिवारीजी सीटवर कमी आणि खिडकीशी जास्त. सिग्नल नीट दिसावा म्हणून एक पाय खालच्या झाकणावर टेकवून अर्धे उभे. आणि त्या झाकणाखालून जाडजूड केबल गेलेली.

मग पुन्हा मोजणं आलं, रिपोर्ट लांबला, साहेब चिडले. सीट पर बैठने का नियम है, म्हणाले. बाई म्हणाल्या, नियम इंजिनाला माहीत असेल, तिवारींच्या गुडघ्याला माहीत नाही. आकडा तिथेही मर्यादेच्या आतच निघाला. पण तो आत आहे हे मोजून कळलं, अंदाजानं नव्हे, ह्याचंच त्यांना समाधान. तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नाव पडलं ‘कहाँ-बैठते-हो मैडम’. त्यांना ते माहीत होतं. त्यांना ते आवडायचं असा मला दाट संशय आहे.

आता रजनीची गोष्ट सांगते, कारण बाईंची आठवण काढायची आणि ती सांगायची नाही असं होणार नाही.

रजनी निमकर आमच्या शेजारची सून. लखनौतच जन्मलेली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर हिंदीत. गोमतीपलीकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची, कच्च्या नोकरीवर, दर वर्षी नव्यानं नेमणूक. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय लुळा, त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. आधी सायकल रिक्षानं जायची. रिक्षावाला दंडाला धरून वर चढवायचा, चौकातली माणसं बघायची. मग नवऱ्यानं, संजीवनं, ती इवलीशी विजेची मोटार घेतली, दोन दारांची. त्या वेळी अख्ख्या महानगरात तशी दुसरी नसेल. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला कामच नाही. गाडी आल्यावर रजनी मला म्हणाली होती, “काकी, ये मेरा बायाँ पैर है.” कपूरथला चौकाच्या गर्दीतून ती गाडी आवाज न करता जायची तेव्हा पोरं मागे धावायची, आणि आत रजनी अशी बसलेली असायची की विचारू नका.

दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्हीदा ते टिकलं नाही. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा निमकरकाकूंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, श्वाससुद्धा जपून घ्यायला सुरुवात केली. काकू वाईट नव्हत्या हो. दोनदा पोळलेल्या होत्या. आणि नेमकी तेव्हाच आमच्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस पेंडसेकाका ह्यांना लोकांचं भलं करायची लहर आली.

मंडळाच्या दाराशी एक काळा फळा होता. त्यावर पेंडसेकाका हिंदी पेपरातली बातमी मराठीत करून खडूनं लिहायचे, मराठी टिकावी म्हणून. हिंदी पेपरात विजेच्या मोटारींतल्या ‘विकिरणा’वर काहीतरी आलं होतं. काकांनी शब्दकोश उघडायचे कष्ट न घेता लिहिलं, “विजेच्या मोटारींत किरणोत्सर्ग!” आणि खाली स्वतःच्या पदरचं, “गर्भवतींनी सावध असावे.” विकिरणाचं किरणोत्सर्ग करणं हा घोळ फक्त लखनौच्या मराठी माणसालाच जमेल. अर्धं डोकं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि मधे खड्डा.

काकूंनी फळा वाचला, घरी आल्या, गाडीची किल्ली घेतली आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवली. रजनीला म्हणाल्या, रिक्षाचे धक्के नकोत, गाडीचा किरणोत्सर्ग नको, नोकरी सोड. कच्ची नोकरी एकदा सुटली की परत मिळते थोडीच! रजनी माझ्याकडे येऊन बसली. मला वाटलं सासूला नावं ठेवेल. तर म्हणाली, “काकी, डर तो मुझे भी लगता है. नौकरी गई तो मैं गई, और बच्चा गया तो भी मैं गई.” मी उठले आणि कस्तुरेबाईंना फोन लावला.

रविवारी बाई आल्या, टोपीतला गोळा काखेत. निमकरांच्या हॉलमध्ये पेंडसेकाकाही येऊन बसले होते, आपल्या फळ्याची बाजू मांडायला. बाईंनी आधी त्यांनाच गाठलं. किरणोत्सर्ग अणुभट्टीतला, म्हणाल्या, मोटारीत त्याचा काय संबंध? तुमच्या विकिरणाला मराठीत प्रारण म्हणतात.

“प्राण?” काकूंचा चेहरा पांढरा पडला.

“प्राण नव्हे हो, प्रारण.”

पेंडसेकाका पुटपुटले, म्हणजे प्राणहरणातलं? त्यावर रजनी फस्सकन हसली. किती दिवसांनी हसली होती पोरगी! बाईंनी शांतपणे सांगितलं की इथे तर आपण त्याच्याही अलीकडचं मोजणार आहोत, करंटभोवतीचं साधं चुंबकीय क्षेत्र, आणि ते गाडी चालू असतानाच मोजायला हवं. काकू म्हणाल्या, तुम्ही चालवा, नाहीतर संजीवला चालवू दे. मोजायला माझी सूनच कशाला?

“कारण गाडीत तीच बसते,” बाई म्हणाल्या.

काकूंनी देवाला नमस्कार करून किल्ली काढली. एकदाच, म्हणाल्या, आणि मी बरोबर येणार. त्या गाडीची मागची सीट पोरांसाठी असते. तिच्यात काकू आणि मी कशा मावलो ते आमचं आम्हाला ठाऊक. पुढे रजनी, शेजारी बाई. रजनी ताठ बसली, शाळेत फोटोला बसतात तशी. बाई म्हणाल्या, अशी नको, रोज बसतेस तशी बस. रजनी लाजली. मग तिनं दोन्ही हातांनी डावा पाय उचलला, मधल्या बाजूला तिरका टेकवला आणि पाठीमागे उशी सरकवली. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. बाईंनी फक्त मान हलवली आणि गोळ्याची टोपी काढली.

कपूरथल्यावरून निशातगंजच्या पुलापर्यंत गेलो. बाई सांगत होत्या, आता जोरात घे, आता ब्रेक लाव, आता तशीच जाऊ दे, आणि गोळा रजनीच्या पोटाशी, गुडघ्याशी, पावलाशी धरत होत्या. रजनी काय चालवत होती! मधे एक सांड आडवा आला, तर अशी वळवून काढली की माझ्या शेजारी काकूंच्या तोंडून “वा गं” निघून गेलं. लगेच त्यांनी ओठ मिटले.

परत आल्यावर कुणी बसलं नाही. काकू म्हणाल्या, ते सगळं राहू द्या, आहे की नाही तेवढं सांगा. रजनी बाईंच्या तोंडाकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, म्हणा हो नाही, काय जातंय तुमचं.

“आहे,” बाई म्हणाल्या.

पुढे बरंच सांगितलं त्यांनी. की पावलापाशी आहे, तेही जोरात घेताना आणि ब्रेक लावताना, आणि मर्यादेच्या पुष्कळ आत. पोटापाशी येईपर्यंत ते एवढं उतरतं की शेजारच्यांच्या पेट्रोलच्या गाडीत बसलं तरी तेवढं सापडेल, कारण टायरच्या आतल्या पोलादी तारा फिरल्या की त्यांचंही थोडं असतंच. काकूंच्या ओट्यावरचा मिक्सर लावून दाखवला, त्याच्याजवळ गाडीपेक्षा जास्त निघालं. पण काकूंच्या कानांत ‘आहे’ गेलं आणि कान बंद झाले. किल्ली पुन्हा बाळकृष्णाखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून मिक्सरही बंद! माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली आला आणि काकू ह्या वयात दाण्याची चटणी वाटायला लागल्या. रजनीनं कॉलेजात रजेचा अर्ज टाकला, आणि कच्च्या नोकरीत लांब रजा म्हणजे पुढची नेमणूक गेलीच.

मी बाईंवर जाम चिडले. फोनवर म्हटलं, एक शब्द म्हणायचा होता तुम्हाला, पोरीची नोकरी वाचली असती. त्या म्हणाल्या, “आज मी नाही म्हणाले, आणि उद्या कुणी दुसरा मीटर घेऊन आला आणि त्यात आकडा दिसला, तर त्या बाई माझं काय खरं धरतील? आणि रजनी काय खरं धरेल? तिला तर त्याच गाडीत बसायचंय.” मी फोन जरा आपटूनच ठेवला.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा हजर. ह्या वेळी काहीही न बोलता त्यांनी टोपी काढली आणि गोळ्याची दांडी काकूंच्या हातात दिली. तुम्हीच मोजा, म्हणाल्या. माझं ऐकू नका. काकू आधी मागे सरल्या, जसं काही ते चावणार आहे. मग चष्मा लावला. बाईंनी आकडा कुठे दिसतो ते दाखवलं आणि एवढंच सांगितलं की वस्तू मोजू नका, माणूस बसतो तिथे मोजा.

सुटल्या की हो काकू! सोफा मोजला, पलंग मोजला, फ्रिजशेजारची आपली जेवायची खुर्ची मोजली. मिक्सर चालू करून गोळा जवळ नेला, मग हातभर मागे आल्या, आणि “अगं बाई, उतरलं की!” म्हणून पुन्हा पुढे गेल्या, पुन्हा मागे. पेंडसेकाकांना खुर्चीतून उठवून त्यांची खुर्ची मोजली. मग रजनीला गाडीत बसवून संजीवला बाजूला केलं आणि स्वतः शेजारी बसून पुलापर्यंत जाऊन आल्या. येऊन देव्हाऱ्यासमोर, आपल्या रोजच्या पाटावर बसल्या, जरा दम खायला. हातात गोळा होताच.

आकडा चढला. काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. देव्हाऱ्याला विजेच्या दिव्यांची माळ होती आणि तिचा तो काळा अडॅप्टर पाटाच्या अगदी बाजूला, काकूंच्या गुडघ्याशी. गाडीत रजनीच्या पोटाशी होतं त्याच्यापेक्षा इथे जास्त. काकू रोज सकाळी तिथे पोथी वाचायला बसत, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून रजनीलाही शेजारी बसवत.

कस्तुरेबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, ह्याचं मला आजही कौतुक वाटतं, कारण त्यांच्या जागी मी असते तर तोंड उघडलंच असतं. काकूंनी बराच वेळ बाळकृष्णाकडे बघितलं. मग पाटाखालून किल्ली काढली आणि रजनीच्या हातात ठेवली.

“आहे गं,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः बघितलं. पण एवढंसंच आहे. जा तू.”

रजनी सासूच्या गळ्यात पडून रडली. पहिल्यांदा मराठीत बोलली, “आई, मी जपून चालवीन.” बाईंनी मात्र तेव्हाही सोडलं नाही. म्हणाल्या, मी यंत्रं मोजते, बाळाचं मला कळत नाही, डॉक्टरांना विचारा आणि त्या सांगतील ते ऐका. डॉक्टरांनी सीटचा पट्टा पोटाच्या खालून लावायला सांगितला आणि जमेल तोवर चालव म्हणाल्या. रजनीनं रजेचा अर्ज परत घेतला. मिक्सर सुरू झाला. पेंडसेकाकांनी फळ्यावर ‘किरणोत्सर्ग’ पुसून ‘प्रारण’ लिहिलं, आणि मंडळात येणारा प्रत्येक माणूस पुढचे कित्येक दिवस विचारत होता की हे प्राण चुकीचं का लिहिलंय.

मुलगी झाली. बारशाला बाई आल्या तेव्हा बाळाला एक टोपी आणली होती. लोकरीची, कान झाकणारी, वर गोंडा.

निवृत्तीनंतर बाईंनी सांगलीला परत जायचं ठरवलं. तोपर्यंत लखनौत ई-रिक्षांचा सुळसुळाट झाला होता. त्या शेवटच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर अमीनाबादला गेले होते, साड्या घ्यायला. रिक्षात बसायच्या आधी त्यांनी वाकून बॅटऱ्या कुठे आहेत ते बघितलं आणि ड्रायव्हरला विचारलंच, भैया, दिन भर यहीं बैठते हो? मीटर तर ऑफिसात जमा केलेला. तरी हात आपोआप पुढे झाला होता, दांडी धरल्यासारखा.

निघायच्या दिवशी त्यांना चारबाग स्टेशनला सोडायला रजनीच येणार होती. जुनी गाडी होती अजून, नवी बॅटरी घातलेली. निमकरकाकू पुढच्या सीटवरून उतरल्या. एरवी ती त्यांची जागा, कुणाला देत नसत, रजनी बाजारात निघाली तरी ह्या पुढे. बाईंना म्हणाल्या, आज तुम्ही बसा. आणि स्वतः नातीला घेऊन मागे शिरल्या, गुडघे दुखतात तरी. मला जागा नव्हती. मी फाटकाशी उभी राहिले.

बाई दारापाशी थांबल्या. सीटकडे बघितलं, मग खाली, जिथे रजनीनं आपला डावा पाय उचलून तिरका टेकवला होता तिथे. मला वाटलं, आता काहीतरी विचारणार. पण त्यांनी काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना “बसा” म्हटल्यावर नुसतं बसताना बघितलं.

मी डोळे पुसायला पदर घेतला. म्हटलं, गाडी सुरू झाली की वर बघू. आवाज काही आला नाही, आणि वर बघितलं तर गाडी कोपऱ्यावर पोचलीसुद्धा होती.